मामंजींच्या गाडीला तीन बोटे मोठी चाके

चि. भावोजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद. तुमची कंबर आता धरत नाही ना? देवापुढे दिवा लावताना रोज तिच्यासाठीही हात जोडते. इकडे माणसांच्या तब्येती ठीक आहेत. बिघडली आहे ती मामंजींची जुनी गाडी, आणि तिच्यापायी सासूबाई पंधरा दिवस उंबऱ्याबाहेर पडलेल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

झाले असे, की टायर झिजले. त्याच मापाचे आणावेत, संपला विषय. पण तुमच्या दादांनी कुठल्याशा मासिकात रुंद, चकचकीत चाकांच्या जुन्या गाडीचा फोटो पाहिला (शेजारी एक तरुणीही उभी होती, ती मापात धरलेली नाही) आणि आपली चाके त्यांना बशीएवढी दिसू लागली. टायरवाल्याने परोपरीने सांगितले, की साहेब, रिम मोठी घेतलीत तर वरचे रबर बुटके घ्या, म्हणजे बाहेरचा घेर होता तेवढाच राहतो. यांनी रिमही मोठी घेतली आणि रबरही उंच. मीठ जास्त, तिखटही जास्त, की भाजी दुप्पट चविष्ट, असे हे गणित! मी शिवणाची टेप लावली. जुना घेर एकशे सत्त्याऐंशी सेंटिमीटर, नवा दोनशे अठरा. म्हटले, अहो, चाक एका फेरीत जास्त चालणार आणि मीटर मात्र जुन्याच हिशेबाने मोजणार. (मॅट्रिकला गणितात मी पहिल्या फटक्यात पास आहे, तुमच्या दादांचे फटके मी मोजत नाही.) तर म्हणे, "तू धुण्याचे कपडे मोज."

देऊळ घरापासून सात किलोमीटर. अकरा वर्षे दर गुरुवारी माझ्या वहीत तसेच लिहिलेले आहे. नव्या चाकांवर ते सहा भरले. हे खूश! चांगल्या चाकांनी रस्ता आखडतो, असा शोध लावून सगळ्या आळीला सांगून आले. मग त्याच मीटरवर गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली, तेव्हा पंपवाल्याशी भांडून आले. फाटकातून वळताना चाक मडगार्डला असे घासते, की गल्लीतली कुत्री दचकून उठतात. (सवय होईल, इति तुमचे दादा. कुत्र्यांना की आपल्याला, ते सांगितले नाही.)

हेही मी सोसले असते. पण गाडी तीन बोटे वर गेली, आणि सासूबाईंचा गुडघा एका बोटाचीही उधारी ठेवत नाही. पाय उचलतात, तो अधांतरी थांबतो आणि परत येतो. दुसऱ्या गाडीत बसायचे नाही, हा त्यांचा मामंजी गेल्यापासूनचा नेम. तेव्हा देऊळ बंद, बहिणीकडे जाणे बंद, आणि दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून मी डाळीत पाणी किती घालते ते बघत बसतात. देवाने सहनशक्ती दिली आहे, पण तीही मापूनच. तुम्ही दादांना चार शब्द लिहा. ऐकणार ते तुमचेही नाहीत, पण पत्र निदान वाचतील.

तुमची,
वहिनी

ता. क. : खरे काम राहिलेच. जुन्या चारही रिमा तुम्ही बागेत फुलझाडे लावायला नेल्यात. झाडे उपटा आणि रिमा लगेच पाठवा. झाडांचे पाप मी माझ्या माथी घेते.

आणखी ता. क. : रिमा पाठवू नका. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात दादांनी आणि टायरवाल्याने मिळून सासूबाईंना पाटावर उभे करून गाडीत चढवले. वर बसताच भिंतीपलीकडे शेजारणीचे अख्खे स्वयंपाकघर दिसू लागले! दोन तास झाले, गाडी जागची हललेली नाही, सासूबाई उतरत नाहीत, आणि माझ्या डाळीकडे बघायला कोणी नाही. आताच काच खाली करून ओरडल्या, "अगं, ओट्यावरचं नीट दिसत नाही! अजून दोन बोटं वर जाते का विचार!"

मी टायरवाल्याला विचारले. जाते म्हणाला.