रेडिएटरातला झेंडू

सौंसर, रविवार संध्याकाळ

आजही लोधीखेड्याहून येताना टेम्परेचरचा काटा लालवर गेला. पुतण्याच्या लग्नातून गाडी परत आली तेव्हापासून हेच होऊन राहिलं. दिराला फोन केला तर म्हणे, "वहिनी, गाडी जुनी झाली, विकून टाका आता." जुनी! पोराच्या वरातीत नेली तेव्हा नव्हती जुनी?

इंजिन थंड झाल्यावर मीच बोनेट उघडलं. कूलंट भरलेलं, पाइप कुठे गळत नाहीत, पंखाही फिरतो. मग काय? टॉर्च घेऊन समोरच्या जाळीतून पाहिलं, तर रेडिएटर झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च. नवरदेवाची गाडी सजवली होती ना! हवा जाईल कुठून?

जुन्या टूथब्रशने तासभर पाकळ्या काढत बसली. काळा पडलेला, चिकटलेला झेंडू. आणि डोक्यात दिराचं तेच बोलणं. "हळदीला नका येऊ वहिनी, लोकं बोलतात. गाडी मात्र सकाळीच पाठवजा."

अजून नखात झेंडूचा वास आहे.

हे गेले तेव्हा मागे आम्ही दोघीच राहिलो, मी आणि ह्यांची ही गाडी. विधवा मात्र मी एकटीच झाली.