स्कूटीचं गिऱ्हाईक

वाराणसी, बुधवार

प्रिय बकुळ,

तुझी स्कूटी विकली नाही. जाहिरात शुक्रवारीच काढून टाकली. फोनवर तुला एवढंच म्हणाले, की अनोळखी नंबर उचलू नकोस आणि थोडे दिवस तुझ्या मैत्रिणीकडे, अंतराकडे राहायला जा. तू का, का म्हणून विचारत राहिलीस आणि मी दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. दूध नव्हतंच. बोलायला गेले असते तर मला रडू फुटलं असतं आणि निम्मं सांगायचं राहिलं असतं, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

जाहिरातीचे फोटो बाबांनी काढले, मजकूर माझा. आता तो आठवला की अंगावर काटा येतो. मुलगी पुण्याला नोकरीला गेली, गाडी दोन वर्षं नुसती उभी आहे, एकाच हाती चाललेली आहे, असं मी कौतुकानं लिहिलं. फोटोत नंबर प्लेट, मागे आपलं दार, दारावरची पाटीसुद्धा. तासाभरात एकाचा निरोप आला. बोलणं फार अदबीचं. किंमत पाडून मागितली नाही म्हणून मला तो आवडला. खरं तर तिथंच खटकायला हवं होतं. बाबांनी बजावलं होतं, त्याला बालाजी घाटाच्या वरच्या चौकात बोलव, चार माणसांत, आणि मी असताना. पण शुक्रवारी बाबा डोळे तपासायला गेले आणि हा म्हणाला, आज अकराला घरीच येऊन बयाण्याचे पैसे देऊन टाकतो. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून मी हो म्हटलं.

तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, आल्या आल्या पाया पडला. स्कूटीकडे त्यानं एकदाच पाहिलं. सुरू केली नाही, टायर दाबून पाहिले नाहीत. वर बैठकीत येऊन बसला, पाणी मागितलं. मग म्हणाला, गाडी नावावर करायला ओटीपी लागेल, मालकिणीचा नंबर आणि आत्ताचा पत्ता द्या. गाडी तुझ्या नावावर, देवश्री म्हणून. मला ते पटलं. मी डायरीचं पान फाडून तुझा पुण्याचा पत्ता लिहिला, खोलीच्या नंबरासकट. फोन नंबर लिहायला घेतला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघत तो सहज म्हणाला, "बकुळ अब बनारस नहीं आती क्या?"

बकुळ हे नाव मी त्याला सांगितलं नव्हतं. ते गाडीच्या कागदांवर नाही, जाहिरातीत नाही. कॉलेजातही तुला देवश्रीच म्हणत. बकुळ अशी हाक मी मारते, वरच्या खिडकीतून, तू गल्लीच्या वळणावर दिसलीस की. म्हणजे हा माणूस कधीतरी त्या खिडकीखाली उभा होता.

मी पेन खाली ठेवलं. चष्मा आत राहिलाय, पिनकोड चुकला असेल, असं काहीतरी म्हणून कागद उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. माझा फोन बैठकीतच राहिला, त्याच्या हाताजवळ. समोरच्या खिडकीत पद्माकाकू भाजी निवडत होत्या. ओरडले असते तर तो आत आला असता. मग विरजण मागावं तशा आवाजात मी मराठीत बोलायला लागले. आपली मराठी कसली गं, निम्मी हिंदीच. चोर म्हणायची सोय नाही, घर नाही, मदत नाही. सगळंच त्याला कळणार. एकेक शब्द पारखून घेतला. म्हटलं, "पद्माताई, आत्ता आलाय ना, तो मला बरा वाटत नाही. दोघातिघांना घेऊन लवकर या." काकूंनी सूप खाली ठेवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "अगं बाई, पोलीस बोलावू का?"

तो शब्द त्याला कळला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गॅसवर डाळ होती. मी सांडशीनं पातेलं उचललं आणि दुसऱ्या हातानं कागद जाळावर धरला. तो दारात येऊन उभा राहिला आणि कागद जळताना बघत राहिला. आमच्यामध्ये फार तर चार पावलं होती. तो पुढे आला तर उकळती डाळ त्याच्या अंगावर टाकायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो पुढे आला नाही. हळू आवाजात म्हणाला, "कोई बात नहीं, आंटी। पुणे तो आपने बता ही दिया है।" तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काकू आणि त्यांच्यामागे भांड्यांच्या दुकानातले दोघे. त्यांना नमस्ते करून, चपला घालून तो उतरून गेला. त्याला अडवायचं कुणाला सुचलंच नाही. मी पातेलं धरून तशीच उभी. काकूंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

दुपारी बाबा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. त्याचा नंबर बंद, नाव खोटं. पण वळणावरच्या साडीच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात त्याच्या मोटरसायकलचा नंबर आला होता. सोमवारी तो सापडला. काल मला ओळखायला बोलावलं. तोच होता. मग इन्स्पेक्टरांनी त्याच्या फोनमधले फोटो दाखवले. तू हेल्मेट काढताना. तू अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर. तू आपल्या दारात, वर खिडकीकडे बघून हसताना. त्या फोटोत माझाही अर्धा हात आला आहे. सगळ्यांत जुना फोटो दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला.

त्याच मार्चमध्ये एका संध्याकाळी तू स्कूटी लावून वर आलीस आणि म्हणालीस, आई, एक माणूस रोज लंका चौकापासून माझ्या मागे येतो. मी पोळ्या लाटत होते. मान वर न करता म्हटलं, बनारसच्या गर्दीत सगळेच कुणाच्या तरी मागे असतात, तूच इकडेतिकडे बघत असशील. त्यानंतर तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. स्कूटी चालवायची सोडलीस, मी आळस म्हटलं. पुण्याची नोकरी धरलीस, दोन दिवाळ्या आली नाहीस, आणि मुलीला घराची ओढ नाही असं मी चारचौघांत सांगत राहिले. काल जबाब देताना मी हेही लिहून दिलं, की मुलीनं मला तेव्हाच सांगितलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं. बाबा शेजारीच होते, त्यांना हे पहिल्यांदाच कळलं. पोलिसांना तुझाही जबाब हवा आहे. द्यायचा की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. तू येऊ देत असशील तर मी पुण्याला येते, जबाब दिलास तरी आणि नाही दिलास तरी. माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते मागायच्या आधी तुला एक सांगणं माझ्याकडून दोन वर्षं राहून गेलं आहे. त्या संध्याकाळी तू खरं बोलत होतीस, बाळा.

तुझीच,
आई