उजव्या मुठीचा ठसा

मंगळवार, १२ तारीख
दुपार

प्रिय ताई,

आधी नमस्कार घे, राग पत्र वाचून झाल्यावर काढ. मी बरी आहे. ढमीचे बाबाही बरे आहेत. त्यांना पुन्हा सकाळची पाळी मिळाली, त्यामुळे संध्याकाळी घरात बोलायला माणूस असतो. तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर लोकांच्या पोरांकडून व्यायाम करून घेतेस आणि स्वतः जिना चढताना कण्हतेस, हे काही बरं नाही.

तू म्हणशील, हिला फोन सोडून पत्राचं काय सुचलं! अगं, फोनवर तू मला पहिल्या 'हॅलो'लाच पकडतेस. इथे निदान पानभर तरी इकडचं तिकडचं बोलता येईल.

तर इकडचं म्हणजे, संग्रहालयात अजून तोच वाद चालू आहे. माणसाचे पूर्वज दोन पायांवर उभे राहण्याआधी चिंपांझीसारखे बोटं दुमडून हाताची पेरं जमिनीला टेकवून चालायचे का? आमचे सर म्हणतात, चालायचे. काही जुन्या मनगटांच्या हाडांवर त्यांना तशा खुणा दिसतात. दुसरा पक्ष म्हणतो, छे, आपले पूर्वज झाडावरच फांद्यांना धरून उभ्याने चालायला शिकले, आणि चिंपांझी नि गोरिला पेरांवर आले ते नंतर, आपापल्या वाटेने. मी पडले साचे करणारी आणि मापं घेणारी. मला विचारशील तर मला माहीत नाही. पण परवा सर नव्या मुलांना सांगत होते की ठशावरून भार कुठे पडला एवढंच कळतं. त्या प्राण्याला बोटं उघडता येत होती की नाही, ते ठसा सांगत नाही. मी शेजारच्या टेबलावर प्लास्टर कालवत होते. ते भांड्यातच घट्ट झालं, मला कळलंच नाही.

ढमी छान आहे. पोटभर जेवते, खिदळते, मांजर दिसलं की त्याच्यावर डाफरते. परवा सव्वा वर्षाची झाली. अजून उभी राहत नाही, पण रांगते अशी की आम्हाला धावावं लागतं.

संग्रहालयातल्या माझ्या व्याख्यानाचा व्हिडिओ तू पाहिलास त्याच दिवशी फोन केला होतास. व्याख्यानात मी पडद्यावर तिला रांगताना दाखवलं, उजव्या हाताची पेरं टेकवत येणारी, आणि म्हटलं, "वाद मिटायचा तेव्हा मिटो, आमच्या घरात पुरावा रांगतोय." सभागृह हसलं. सर सुद्धा हसले. तू मात्र हसली नाहीस. "तिची मूठ उघडते का गं? एकदा दाखवून घे," म्हणालीस. आणि मी काय म्हणाले? "तुला सगळी मुलं पेशंटच दिसतात. निदान भाचीला तरी सोड." त्यानंतर तुझे फोन मी उचलले नाहीत. कामाची गडबड होती, असं लिहिणार होते. गडबड कसली डोंबलाची! तू पुन्हा तेच विचारशील म्हणून उचलले नाहीत.

आता जे लिहायचंय ते लिहिते, नाहीतर हे पानही संपेल.

व्याख्यानासाठी मी ओल्या मातीचा ट्रे घरी आणला होता आणि ढमीला त्यावरून रांगवलं होतं. उजव्या हाताच्या पेरांचा ठसा सुरेख उठला. त्याचा प्लास्टरचा साचा केला आणि चिंपांझीच्या ठशाशेजारी काचेत ठेवला. तो अजून तिथे आहे. शाळेची मुलं बोट दाखवून हसतात. पण ट्रेमध्ये डाव्या हाताचाही ठसा होता, ताई. अख्खा पंजा, पाचही बोटं फाकलेली. तो बघून मला वाटलं, हा लोकांना उगाच गोंधळात टाकेल. आणि मी ती माती मळून डब्यात भरून टाकली. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

ती सगळं डाव्या हातानेच घेते. आम्ही म्हणायचो, डावखुरी, बाबांवर गेली. कौतुक चाललं होतं!

रविवारी तिच्या उजव्या हातात बिस्किट द्यायला गेले. मूठ उघडेना. एकेक बोट धरून सोडवलं. अंगठा आत दुमडलेला, तळव्याच्या रेघांत मळ आणि कापसाचे धागे अडकलेले, आंबूस वास येत होता. मी कोमट पाण्याने धुतलं, पुसलं, आणि हात सोडला तर मूठ पुन्हा मिटली. इतके दिवस आंघोळ घालते मी तिला. कधी उघडून बघितली नाही.

शुक्रवारी सकाळी मुलांच्या डॉक्टरांकडे जायचंय. तिच्या बाबांना मी 'नेहमीची तपासणी' एवढंच सांगितलंय. डॉक्टर विचारतील, कधीपासून असं आहे? लाखो वर्षांपूर्वीच्या हाडांच्या गप्पा मारणारी मी, स्वतःच्या लेकीच्या हाताबद्दल काय सांगू? तू एकदा म्हणाली होतीस की अशा हातांना जितकं लवकर शिकवाल तितकं बरं. ते आठवलं की तुझे न उचललेले फोन मोजत बसते. मला भीती वाटते गं. ढमीसाठी वाटते, डॉक्टरांची वाटते, आणि तुझ्या तोंडून काय ऐकावं लागेल त्याचीही वाटते. "सांगितलं होतं" हे एकदा म्हणून घे, मी ऐकून घेईन. पण शुक्रवारी ये. पत्र लगेच पोचावं म्हणून कुरियरने पाठवते आहे.

मध्येच थांबले होते. ढमी उठली आणि रांगत इथवर आली. डाव्या हाताने खुर्चीचा पाय धरला, धडपडली, पुन्हा धरला आणि उभी राहिली. ताई, ती उभी राहिली! पहिल्यांदाच! गुडघे लटलट कापत होते, पण उभी होती. आणि मी बघत होते ती बाजूला लोंबणारी उजवी मूठ. तेवढीच. पोर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आई आता टाळ्या वाजवेल म्हणून. मग तिचं हसू मावळलं आणि ती खाली बसली.

तिच्या हाताचं तू बघशीलच. मला टाळ्या वाजवायला शिकव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी