धांदरट म्हणजे नेमका कोण?

३ मार्च, सकाळ.
लेक दीड महिन्याची झाली, तरी बायको तिला माझ्या हातात देत नाही. आज आंघोळ मी घालतो म्हणालो, तर सासूबाई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या की त्या धांदरटाच्या हाती लेकरू देऊ नकोस. जावयाला! तोंडावर!

३ मार्च, दुपार.
ऑफिसात शब्दकोश काढला. धांदरट म्हणजे घाईगडबडीत गोंधळ घालणारा. मी घाई करतच नाही. रोज उशिरा येतो, साहेबांना विचारा. म्हणजे हा शब्द मला लागूच होत नाही. कीबोर्डवर चहा सांडला. कप भलत्याच जागी ठेवला होता कुणीतरी.

५ मार्च.
बायकोला अर्थ नीट समजावला. ती म्हणाली, बरं, मग वेंधळा म्हणते. वेंधळ्याचं लक्ष नसतं, माझं चौफेर असतं. हे पटवून देताना दाराची चौकट कपाळाला लागली. सुतार बेअक्कल.

८ मार्च.
ठरलं! प्रॅक्टिस करायची. कलिंगड आणलं, वजनाला लेकीएवढंच. साबण लावून न्हाऊ घातलं. डोकं कुठलं हे ठरवण्यात जरा वेळ गेला. मग निसटलं. साबण फार बुळबुळीत निघाला. जेवणानंतर सगळ्यांनी खाल्लं. कलिंगडाला वास कसला येतोय, असं सासूबाई दोनदा म्हणाल्या. मी आणखी एक फोड घेतली.

९ मार्च.
नवं कलिंगड. शंभर टक्के यश! पुसलं, पावडर लावली, टॉवेलात गुंडाळलं. बायकोला दाखवायला निघालो. धावत नाही, लगबगीने. तोल गेला म्हणून नळाला धरलं, तर नळच हातात आला. कलिंगडाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

१० मार्च.
प्लंबर आला. सुट्टी टाकून त्याच्या मदतीला उभा राहिलो. पाना द्यायला वाकलो आणि मागच्या मागे बादलीत बसलो. चांगलाच अडकलो. सासूबाईंनी एकट्यांनी ओढून पाहिलं, निघेना. त्यांनी हाक मारली तशी बायको लेकीला घेऊन धावत आली. ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत. मी बादलीतूनच हात पुढे केले, आण इकडे म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लेक प्लंबरकडे दिली. घरात पहिल्यांदाच आलेला माणूस!

आणि लेक त्याच्याकडे बघून हसली. जन्मल्यापासूनचं पहिलं हसू. मला रडूच फुटलं. सासूबाई म्हणाल्या, थांबा, बादलीची कड टोचत असेल.