फाटक सेहेचाळीस इंच

नऊ वर्षं दोन एकर गवत मी कापलं. नऊ वर्षं डॉमनिकची कंबर दुखत होती. तीन घरं सोडून राहणाऱ्या शेरिलचा नवरा मेल्विन वारला, आणि महिना व्हायच्या आत माझ्या नवऱ्याची कंबर बरी झाली. आता दर शनिवारी हा तिच्या पुढच्या अंगणातलं गवत कापायला जातो, दाढी करून. गवत कापायला दाढी कशाला लागते, ते मला कोणीतरी सांगावं.

कोणी सांगत नाही म्हणून लिहायला बसले.

मी, युनिस डॉमनिक तुस्कानो, वय बावन्न, मूळ राहणार वसई, हल्ली राहणार व्हिटबीच्या वर, ब्रुकलिनच्या पुढे, ऑन्टारिओ, हे माझं मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्या बापाच्या कागदात वकिलाने 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' असं घातलं होतं. मी राजी आहे, अक्कल जागेवर आहे, खुशी नाही. ती लिहिली तर खोटं होईल. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. शाळा सहावीपर्यंत झाली, तेव्हा अर्थ बघावा, वेलांट्या बघू नयेत.

येत्या सोमवारी, पंधरा जूनला, माझं पिशवीचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीण म्हणते, रूटीन आहे. मेल्विनचंही रूटीनच होतं. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. मोअर. घराच्या आधी हेच घेते, कारण सगळा कागद यावरूनच निघाला.

मोअर म्हणजे गवत कापायचं यंत्र. आमचा जुना म्हणजे स्टीअरिंगचा लहान ट्रॅक्टर. साडेतीन तास लागतात. आवारात एकतीस झाडं आहेत. प्रत्येक झाडाला वळसा घाला, मागे घ्या, राहिलेली गवताची दाढी परत कापा. म्हणून मी माझ्या पगारातून बाजूला टाकत झिरो-टर्न घ्यायचं ठरवलं. त्याला स्टीअरिंग नसतं, दोन हातांना दोन दांडे असतात. दोन्ही ढकलले की पुढे, एक पुढे एक मागे की जागच्या जागी गिरकी. झाडाला चिकटून फिरतो. कुठला घ्यायचा ते मी वर्षभर शिकले, दुकानांत विचारून, व्हिडिओ बघून, लॉन्ड्रीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकांच्या नवऱ्यांना फोन करून. पाती ज्या लोखंडी डब्यात फिरतात त्याला डेक म्हणतात. तो जाड पत्र्याचा, वेल्ड केलेला हवा, कारण आमच्याकडे झाडांची मुळं वर आली आहेत. सीटखाली स्प्रिंग हवी. पाठीमागे लोखंडी कमान आणि पट्टा हवा, उलटला तर डोकं वाचतं. आणि डेकची रुंदी दोन एकर मोकळ्या जागेला चोपन्न इंच. बेचाळीस घेतला तर फेऱ्याच फेऱ्या. दुकानदाराने हेच सांगितलं. माझ्या मुलाने, ॲलिस्टरने, आधी "मॉम, जस्ट हायर समवन" म्हटलं, मग कॉम्प्युटरवर बघून त्यानेही हेच सांगितलं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही दुकानात निघालो. गाडी वळवली तर शेरिल रस्त्याच्या कडेला उभी, लिपस्टिक लावून.

"डॉम, मीपण येऊ? आय नीड टु लर्न दीज थिंग्ज नाऊ."

डॉम! आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मी पूर्ण डॉमनिक म्हणते. ह्या बाईने त्याच्या नावाचा अर्धा तुकडा तोडून स्वतःकडे ठेवला आहे.

दुकानात ती सरळ बेचाळीसच्या मोअरवर जाऊन बसली. "ओ माय गॉड, स्टीअरिंग कुठाय?"

"हे बघ, हात असे," डॉमनिक म्हणाला, आणि मागून वाकून तिचे हात दांड्यांवर ठेवले. "हळू. अंडं धरल्यासारखं."

"आणि फुटलं तर?"

"मी आहे ना."

मी तिथेच उभी होते, हातात माहितीपत्रक घेऊन. मला नऊ वर्षांत ऑइल कुठे ओततात तेसुद्धा त्याने दाखवलं नाही, माझं मी शोधलं.

"शेरिलबाय, उतर," मी म्हटलं. "विकत मी घेतेय."

मी चोपन्नवर बसले. दोन खांबांमधून नेला, गिरकी मारली, उलटा आणून होता तिथे लावला. दुकानदार म्हणाला, "युवर वाइफ इज अ नॅचरल, सर." सरांनी पाहिलंच नव्हतं. सर शेरिलला पट्टा कसा लावायचा ते दाखवत होते.

परत येताना गाडीत डॉमनिक म्हणाला, "बेचाळीसच घेऊ."

"का?"

"शेडमध्ये मावायला पाहिजे."

"शेडचं दार सहा फूट आहे."

"झाडांमधून जायला पाहिजे."

"दोन झाडांमधून तुझा ट्रक जाईल."

"तुला मोठा झेपणार नाही, युनिस."

मागच्या सीटवरून आवाज आला, "स्मॉल इज क्यूट, युनिस."

मी घर येईपर्यंत रेडिओ मोठा करून ठेवला. मला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळतो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पॅरिशच्या पत्रकाच्या मागे डॉमनिकच्या अक्षरात दोन शब्द दिसले. 'फाटक ४६.' आमच्या घराला कुंपण नाही, म्हणून फाटकही नाही. मी शिवणाची टेप घेतली आणि सरळ शेरिलकडे गेले. तिने कुत्र्यासाठी मागचं अंगण बंद केलं आहे. कुत्रा भुंकायला लागला, तिने खिडकी उघडली.

"युनिस! व्हॉट आर यू डुइंग?"

"काही नाही गं, फाटक बघते. छान आहे. आम्हालापण करायचंय."

"डॉमला विचार, त्याला सगळं माहीत आहे!"

सेहेचाळीस इंच. दोनदा मोजलं.

बेचाळीसचा मोअर, गवत फेकायचं बाजूचं झाकण वर केलं की चव्वेचाळीस होतो. तिच्या फाटकातून जातो. चोपन्नचा जात नाही. म्हणजे माझ्या कमाईचा मोअर माझ्या गवताच्या मापाचा नाही, तिच्या मागच्या अंगणाच्या मापाचा घ्यायचा. पुढचं अंगण रस्त्यावरून दिसतं. मागचं दिसत नाही. तिथे स्विमिंग पूल आहे, छत्री आहे, दोन खुर्च्या आहेत. मेल्विन गेल्यावर दोन कशाला?

दुकानदाराने चोपन्नचा मोअर माझ्या नावाने शनिवार तेरा जूनपर्यंत राखून ठेवला आहे. तो घरी आला तर माझ्यामागे तो डॉमनिकचा. त्याने तो आमच्या आवाराबाहेर नेऊ नये. सीट मी माझ्या वजनाला लावून घेतली आहे, तिच्यावर दुसऱ्या बाईने बसू नये. रस्त्याकडच्या चरीजवळ उतार आहे, तिथे झिरो-टर्न घसरतो, ओल्या गवतावर तर नक्कीच. ती पट्टी ढकलायच्या मोअरने कापावी. मी चिडलेली आहे, पण तो चरीत उलटावा असं मला वाटत नाही.

मला चोपन्नचा आधी गवतासाठी हवा होता. आता त्या फाटकासाठी हवा आहे. हे लपवत नाही.

कलम २. जुना ट्रॅक्टर मी शेरिल मेल्विन परेरा हिला देते. त्याचा डेक बेचाळीसच आहे, तिच्या फाटकातून जाईल. चोक ओढून किल्ली दोनदा फिरवली की चालू होतो. तिचे हातपाय धड आहेत, झुंबाला जाते. स्वतः बसावं, स्वतः कापावं. ईस्टरला नेलेला माझा स्टीलचा डबा तिने परत करावा. मसाल्याचं प्रमाण तिने तीनदा विचारलं, ते तिला मिळणार नाही.

कलम ३. घर. घेतानाच मी दोघांचे हिस्से अर्धे-अर्धे वेगळे लिहून घेतले होते, तेव्हा डॉमनिकला राग आला होता. ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमध्ये आम्ही आठ वर्षं काढली. एकच खिडकी होती आणि तिच्यातून फक्त लोकांचे बूट दिसायचे. त्याला बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. तेव्हाचा डॉमनिक मला चालायचा. मग त्याला वाडी पाहिजे म्हणून इथे आलो. वाडी कसली, गवत. ते गवत माझ्या अंगावर टाकून तो ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर, आणि रविवारी चर्चबाहेर सगळ्यांना सांगणार, "आपलं दोन एकर आहे."

घराचा माझा अर्धा हिस्सा मी असा देते. चोपन्नचा मोअर घेतला गेला असेल तर डॉमनिकला. बेचाळीसचा घेतला असेल तर ॲलिस्टरला, आणि डॉमनिकने तिथे तो एकटा आहे तोवर राहावं. एकटा म्हणजे एकटा. 'ती नुसती कॉफीला आली होती' हे एकटं नव्हे.

कलम ४. आईच्या सोन्याच्या बांगड्या ॲलिस्टरच्या बायकोला, जेव्हा होईल तेव्हा. तोवर त्या बँकेच्या लॉकरमध्ये राहतील. घरात ठेवू नयेत. शेरिलने एकदा हातात घालून बघितल्या होत्या आणि डॉमनिक म्हणाला होता, तिच्या हाताला छान दिसतात. माझ्या हाताला कशा दिसतात ते त्याने सांगितल्याचं मला आठवत नाही. बँकेतली शिल्लक ॲलिस्टरला. शिवणाचं मशीन लॉन्ड्रीतल्या जसविंदरला द्यायचं होतं, पण तिची साक्षीला सही घ्यायची आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं कळलं. म्हणून तेही ॲलिस्टरला. त्याने विकू नये.

कलम ५. माझी नणंद रेजिना हिला काही नाही. कारण तिला माहीत आहे.

कलम ६. माती. मला जाळू नये. चर्चमधला मिस्सा मराठीत झाला तर बरं, मराठी फादर मिळाले नाहीत तर इंग्रजीत चालेल. माझ्या उजवीकडची जागा डॉमनिकची. डॉमनिकच्या उजवीकडची जागा ॲलिस्टरने आत्ताच घेऊन ठेवावी आणि रिकामी ठेवावी. मेल्विन त्याच स्मशानात दुसऱ्या टोकाला एकटा पडला आहे. त्याच्या बायकोने वेळ आली की त्याच्याजवळ जावं. जेवणात माझ्या हातचं म्हणून कोणी शेरिलने केलेलं वाढू नये.

कलम ७. हे सगळं अमलात आणायचं काम ॲलिस्टरचं. तो ओकव्हिलला राहतो, ट्रॅफिक आहे असं सांगेल. ऐकू नये. ॲलिस्टर, हा कागद तुला वाचता येणार नाही, माझ्या कामावरच्या उन्मेषकडून वाचून घे. "डॅड इज जस्ट बीइंग नाइस" असं तू मला फोनवर म्हणालास. नाइस तो घराबाहेर असतो, बाळा. घरात मी असते.

ह्या कागदाची पानं पाच, सगळी माझ्या अक्षरातली. आज कामावर जेवणाच्या सुट्टीत दोन साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर. सहीच्या वर जागा सोडली होती, तिथे हे आता लिहिते. उन्मेष मान वाकडी करून बघत होता.

"वाचायचं नाही. मी सही करते तेवढं बघ."

"ताई, 'मोअर' एवढं दिसलं."

"मग सगळंच दिसलं."

जसविंदर म्हणाली, "दीदी, इतना क्या लिखा है?" मी म्हटलं, "घर का मामला है. साइन कर." तिने डोळे पुसत सही केली. तिला वाटलं मी ऑपरेशनला घाबरले आहे.

सही: युनिस डॉमनिक तुस्कानो

साक्षीदार १: उन्मेष करंदीकर, मेंटेनन्स
साक्षीदार २: जसविंदर कौर, लॉन्ड्री

ठिकाण: व्हिटबी, ऑन्टारिओ
तारीख: सोमवार, ८ जून २०२६

सहीच्या खाली लिहिलेलं कोर्ट धरत नाही, असं उन्मेष म्हणाला. हे कोर्टासाठी नाहीच. हे डॉमनिकसाठी आहे. ह्या कागदाची एक प्रत मी त्याच्या ट्रकच्या सीटवर ठेवणार आहे.

डॉमनिक, तू म्हणशील, पुरावा काय? पुरावा नाही. मी काही पाहिलं नाही, कोणी मला काही सांगितलं नाही. मी एक आकडा पाहिला. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा मला उंच पडतो. नऊ वर्षं मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. दर ख्रिसमसला सांगते, एकदा मोज आणि कापून घे. तुला टेप सापडत नाही. तिच्या फाटकासाठी सापडली. तू तिथे वाकलास, इंच बघितले, कागद शोधला, लिहून ठेवलंस. मला त्या पूलपेक्षा आणि त्या खुर्च्यांपेक्षा हे जास्त लागलं.

मोअर कुठलाही सांग, दुकानदाराला मी फोन करीन. पण मला दुसरं उत्तर पाहिजे. फाटक मोजायला तुला तिने बोलावलं, की तू आपणहून गेलास? तिने बोलावलं असेल तर तिचं मी बघून घेईन. आपणहून गेला असशील तर तसं तोंडावर सांग. सोमवारी सकाळी हॉस्पिटलला मला तूच नेणार आहेस, आणि हा प्रश्न मांडीवर घेऊन मी त्या गाडीत बसणार नाही. "सोड ना, युनिस" हे उत्तर धरलं जाणार नाही. शुक्रवारी, बारा जूनला, संध्याकाळी सहाच्या आत सांग.