माधवबद्दल गोऱ्यांचे दोन शब्द

येडशी, ८ नोव्हेंबर १९४४
उमरग्याचा रहीम स्टेशनात आला होता. आमच्या माधवच्या तुकडीत ड्रायव्हर. पाय गेला म्हणून सुटून आला. आम्हाला आलेल्या तारेत 'माधव ब्रह्मदेशात बेपत्ता' एवढंच होतं. तू काय पाहिलंस विचारलं.
"म्या न्हाय बघितलं, बाबूजी. सार्जंट बघून आला. म्हनला, बॉट इट. मग दवाखान्यात कप्तानाला इचारलं. त्यो म्हनला, इन द बॅग."
विकत घेतलं. पिशवीत. तिकिटं देण्यापुरतं इंग्रजी येतं, पण हे काय.

९ नोव्हें.
डिक्शनरीत पिशवीच निघाली.
आक्का परत तेच. "विष्णू, पोरीला किती दिवस टांगून ठेवणार?" भटजी म्हणतात, बेपत्ता असेल तर बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून दहन. कोणी मेल्याचं सांगितलं असेल तर क्रिया लगेच. सूनबाई एकोणीस वर्षांची.

११ नोव्हें.
गार्डसाहेबांना विचारलं. त्यांचा भाऊ फौजेत आहे. बॅग म्हणजे शत्रूच्या हाती सापडला, कैदी. 'बॉट इट'चा अर्थ सांगण्याआधी थांबले.
"कोणासाठी विचारता, बाबू?"
"ओळखीतल्या एकासाठी."
"मेला," म्हणाले. गोरे शिपाई असंच बोलतात म्हणे, सहज, विडी ओढता ओढता.
मग बावटा दाखवून गाडी सोडली.

१२ नोव्हें.
सार्जंट बघून आला. कप्तान तिथं नव्हता. हे कळायला इंग्रजी लागत नाही.
पण कैदी किती, कोण, हे वरच्यालाच आधी कळत असेल. पण मग सार्जंटनं काय बघितलं.


१४ नोव्हें.
सूनबाईला दोन्ही शब्द सांगितले, अर्थासकट. तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.
"मामंजी, मोठा कोण? कप्तान का सार्जंट?"
"कप्तान."
"मग झालं तर."
बघून आला तो सार्जंट, हेही सांगायला हवं होतं. गाडीची वेळ झाली म्हणून टोपी घालून निघालो.

१६ नोव्हें.
आक्कानं परस्पर निरोप धाडला. भटजी उद्या सकाळी येणार. "रहीम काय म्हणाला ते त्यांच्या तोंडावर सांग. ते म्हणतील तसं करू." रहीम काय म्हणाला. दोन्ही म्हणाला.
सूनबाईला वाटतंय माधव सुटावा म्हणून जप आहे. ओसरी सारवून घेतली. मघाशी दारात येऊन विचारलं, "मामंजी, उद्या लग्नातला शालू नेसला तर चालंल ना?"
नेस म्हटलं.