‘चारोळी’ मासिकाचे यंत्र, जुने अंक आणि घर कोणास द्यावे

मी, मुखरू तानबा नाकाडे, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तत्कालीन शाळा तपासनीसांचे याउलट मत १९३८ सालचे आहे. ते या कामी ग्राह्य धरू नये.

१. मुलांना शहाणे करावे म्हणून मी ‘चारोळी’ हे मासिक एकवीस वर्षे काढले. त्याचे पायाने चालवायचे छपाईयंत्र व अक्षरांचे सर्व खिळे मुलचेऱ्याच्या शिक्षिका बुधरीबाई यांस द्यावेत. कारण सांगणे भाग आहे.

ही दहा वर्षांची असताना हिने मासिकाला पत्र लिहिले : “आमच्या शाळेत मास्तर येत नाई. मंग त्याचा पगार काऊन येते?” मी ते सुधारून छापले : “आमचे गुरुजी सदैव कर्तव्यतत्पर राहोत, अशी बालकांची नम्र प्रार्थना.” भाषा शुद्ध झाली आणि मास्तर वाचला. तो मास्तर म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ बापूजी.

आठवड्याने पोरगी सहा कोस चालत छापखान्यात आली. अंक माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “गुरुजी, हे म्या नाई लिवलं.”

पुढच्या अंकात तिचे पत्र होते तसे छापले. भावाची दूर बदली झाली, त्या शाळेत रोज येणारा मास्तर आला आणि तपासनीसांनी ‘चारोळी’ला शाळाबंदी केली. मग मुले ती भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचू लागली. भूगोलाची एवढी गोडी जिल्ह्यात पूर्वी नव्हती.

या कलमाच्या कच्च्या मसुद्यात ‘मुलांचे वाक्य सुधारू नये’ अशी अट मी घातली होती. बुधरी म्हणाली, “अट घालून राह्यले काय? मंग मले नको.” सबब अट रद्द.

२. बांधलेले सर्व अंक उक्त तपासनीसांस द्यावेत. बंदीयोग्य मजकूर शोधण्यासाठी त्यांनी प्रत्येक अंक अक्षरन् अक्षर वाचला. इतका निष्ठावान वाचक मला दुसरा लाभला नाही.

३. साक्षीदारास काही देऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून एकवीस वर्षे खिळे जुळवणारे जाफरभाई यांस केवळ आभार. ते म्हणाले, “गुरुजी, आभारात तरी चूक ठेवू नका.” ठेवलेली नाही.

४. राहते घर भाऊ बापूजी यास. एकोणीस वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. मी आजारी असल्याचे ऐकून परवा आला, खाटेजवळ बसला आणि म्हणाला, “भाऊ, पोरगी खरीच बोलली. पण तू मले आधी येऊन सांगतला असता, तर मी शाळेत गेलो नसतो काय?”

हे मला तेव्हा सुचले नव्हते. घर विनाअट द्यावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

मुखरू तानबा नाकाडे

आमच्यादेखत सही झाली :
१. जाफर वहाब शेख
२. डॉ. लच्छू रामाजी कुथे

ब्रह्मपुरी, ११ नोव्हेंबर १९५७